‘सिस्टर, तुमचा नोंदणी क्रमांक काय?’

आपल्या तालुक्याच्या गावात दहा-वीस खाटांची हॉस्पिटलं किती आहेत, जरा मोजून बघा. प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या नाहीतर निळ्या ड्रेसमधल्या मुली दिसतील. सलाईन लावतात, इंजेक्शन देतात, बीपी बघतात, रात्री डॉक्टर घरी गेले की फोनवरून ऑर्डर घेतात. आपण सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हणतो. यातल्या कितीजणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहेत, हे आपण कधी विचारलंय का?

डॉक्टरची डिग्री आपण विचारतो. बोगस डॉक्टर पकडला की पेपरात बातमी येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. बोगस नर्स पकडली अशी बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली? पेशंटच्या शिरेत औषध प्रत्यक्ष सोडणारा हात बहुतेक वेळा नर्सचा असतो, तरीही.

मी स्वतः परिचारिका आहे, म्हणून हा विषय मला सोडवत नाही. आणि आत्ताच लिहायचं कारण म्हणजे देशाचा नर्सिंगचा कायदा बदलतोय, पण त्याची चर्चा आमच्या संघटनांच्या बाहेर कुठेच नाही. हा फक्त नर्सेसचा प्रश्न आहे असं समजू नका. अॅडमिट तुम्ही होता.

आधी थोडी साधी माहिती. आपल्याकडे कायद्याने नर्स होण्याचे तीन मुख्य रस्ते आहेत. दोन वर्षांचा एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. गावात आपण जिला आरोग्य सेविका म्हणतो ती याच कोर्सची. तीन वर्षांचा जीएनएम. आणि चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करायचा, परीक्षा पास व्हायची आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं. त्या नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण असतं. नोंदवहीत नाव असेल तर तुम्ही नर्स, नसेल तर नाही. ड्रेस कुठलाही घाला.

याशिवाय गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग’चे कोर्स चालतात. फ्लेक्सवर ‘१०० टक्के नोकरी’ असं लिहिलेलं असतं. नोकरी खरंच मिळते. पण त्या सर्टिफिकेटवर कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, हे त्या पोरींना बऱ्याचदा फी भरून झाल्यावर कळतं. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. घरची परिस्थिती बेताची असते, दहावी-बारावीनंतर लवकर काहीतरी हातात हवं असतं. त्यांना फसवणारे वेगळे, आणि त्यांना कमी पगारात राबवून घेणारे वेगळे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू.

इंडियन नर्सिंग कौन्सिल अ‍ॅक्ट १९४७ चा आहे. देशभर नर्स, प्रसाविका आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या शिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा, हा त्याचा हेतू होता. तो त्याने बऱ्यापैकी साधलाही. पण या कायद्याचं व्याख्यांचं कलम काढून वाचा. ‘कौन्सिल’ म्हणजे काय, ‘राज्य नोंदवही’ म्हणजे काय, हे तिथे आहे. ‘नर्सिंग’ म्हणजे नेमकं कोणतं काम, याची व्याख्या नाही. कुठली परीक्षा पास झालेली व्यक्ती नर्स मानायची हे कायद्याने ठरवलं. त्या व्यक्तीने काय करायचं, स्वतःच्या निर्णयाने काय करायचं, कशाला नाही म्हणायचं, हे मोकळं सोडलं.

राज्यात महाराष्ट्र नर्सेस अ‍ॅक्ट १९६६ चा. कौन्सिल, नोंदणी, शिस्तभंग, नोंदवहीतून नाव काढणं हा त्याचा मुख्य भाग.

तिसरा कायदा हॉस्पिटलचा. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा, जो आता महाराष्ट्र नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट म्हणून ओळखला जातो. खासगी हॉस्पिटलची नोंदणी कोणत्या कारणांसाठी नाकारता येते ते त्यात दिलंय. त्यातलं एक कारण असं, की पेशंटची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र नर्सेसचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येईल. म्हणजे १९४९ साली कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. पण ‘योग्य’ म्हणजे किती, हे मूळ कलमात आकड्यात नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत तीन पेशंटमागे एक नर्स आणि साध्या हॉस्पिटलांत पाच पेशंटमागे एक असा आहे. तुमच्या ओळखीच्या कुठल्या वॉर्डात हे दिसतं, मला जरूर सांगा.

मग होतं काय? नोंदणीच्या वेळी कागद पूर्ण होतात. फाइलला दोन-चार खऱ्या नर्सेसची सर्टिफिकेटं लागतात. माझी पहिली नोकरी एका खासगी हॉस्पिटलात होती, नाव घेत नाही. ती सोडल्यावर दोन वर्षांनी मला कळलं, की माझ्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स तिथल्या तपासणीच्या फाइलमध्ये तशीच आहे. कागदावर मी तिथे ड्युटी करत होते. उद्या तिथे काही बरंवाईट झालं असतं तर चौकशीत पहिलं नाव कुणाचं निघालं असतं?

माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. नर्सच्या कामाची हद्द कायद्यात लिहिलेली नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. न शिकलेल्या मुलीकडून नर्सचं काम करून घेता येतं, कारण ‘हे काम फक्त नर्सचंच’ असं ठळकपणे कुठे लिहिलेलं नाही. आणि शिकलेल्या नर्सवर वाटेल ते ढकलता येतं, कारण ‘हे काम नर्सचं नाही’ असंही कुठे लिहिलेलं नाही.

रात्रपाळीचं उदाहरण घ्या. पेशंट अचानक बिघडतो. डॉक्टर फोनवर औषध सांगतात. सिस्टर देते, कारण नाही दिलं तर पेशंट जाईल. केसपेपरवर डॉक्टरांची सही सकाळी राउंडला होते, कधीकधी होतच नाही. सगळं नीट झालं तर कुणी विचारत नाही. बिघडलं की ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य येतं. आमच्या पेशातल्या जवळजवळ प्रत्येकीने ते ऐकलेलं आहे.

आता सरकारी बाजू बघा. उपकेंद्रातली आरोग्य सेविका बाळंतपण करते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायचं औषध देते. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवते. हे ती चोरून करत नाही. केंद्र सरकारच्या कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांनी तिला ठरावीक परिस्थितीत ही मुभा दिली आहे, आणि त्यामुळे कितीतरी आया वाचल्या असतील. औषधांच्या नियमांतही ‘शेड्यूल के’मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेल्या परिचारिका आणि एएनएम यांना सरकारी कार्यक्रमातली औषधं देण्यासाठी विक्रीच्या परवान्याच्या अटीतून सूट आहे.

पण लक्षात घ्या, ही मुभा योजनेला चिकटलेली आहे, तिच्या लायसन्सला नाही. तीच बाई, तेच शिक्षण, तोच नोंदणी क्रमांक. उपकेंद्र सोडून शेजारच्या खासगी प्रसूतिगृहात गेली की तिच्या पाठीशी तो कागद नाही. २०१८ साली केंद्राने मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यासाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. पाऊल चांगलंच आहे. पण तीही मार्गदर्शक तत्त्वंच. परिपत्रकाच्या भरवशावर बाळंतपण करता येतं, कोर्टात उभं राहता येत नाही.

कोर्टाचं नाव काढलं म्हणून आठवण करून देते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. पोलिसांनी अटक केली त्यात एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवेल. त्यावर मी बोलत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. अशा प्रसंगी नर्सची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, वॉर्डाची किती आणि इमारतीची किती, हे आधी कुठे लिहिलं होतं? आधी लिहायचं नाही आणि घटना घडल्यावर ठरवायचं, ही पद्धत आम्ही किती वर्षं सोसायची?

आपल्या मुली परदेशात नर्सिंगला जातात, त्यांना विचारा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतंत्र नर्सिंग प्रॅक्टिस अ‍ॅक्ट असतो. न्यूयॉर्क राज्याने १९७२ सालीच कायद्यात नर्सिंगची व्याख्या बदलून नर्स स्वतः कशाचं निदान करते आणि त्यावर काय उपाय करते हे नमूद केलं. नोंदणीकृत नर्सने काय करायचं, तिच्या हाताखालच्या परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सने काय करायचं, याच्या पायऱ्या तिथे ठरलेल्या असतात. आमची मुलगी तिकडच्या परीक्षेसाठी या गोष्टी पाठ करते. इथे चार वर्षं शिकताना तिला राज्याच्या कायद्यातली तिच्या कामाची हद्द कुणी शिकवू शकत नाही, कारण शिकवायला ती लिहिलेली तर हवी.

आता नव्या कायद्याकडे येते. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला आहे. राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग, शिक्षण, मूल्यांकन आणि आचारसंहिता-नोंदणी यांची वेगवेगळी मंडळं, राष्ट्रीय आणि राज्य नोंदवही अशी त्याची रचना आहे. नोंदवहीत नाव नसताना पात्र व्यावसायिक म्हणून नर्सिंग केलं तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे स्वागतार्हच आहे.

पण मला एक भीती आहे. ही शिक्षा होणार कुणाला? सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या त्या पोरीला, की तिला नर्सचा ड्रेस घालून रात्रपाळीला उभं करणाऱ्याला? नर्सचं काम म्हणजे काय हे नियमांत स्पष्ट लिहिलं नाही तर मालक म्हणेल, ‘ती नर्स नाहीच, मदतनीस आहे.’ आणि तो सुटेल.

यावर छोट्या हॉस्पिटलवाल्या डॉक्टरांचं म्हणणं मला माहीत आहे. ‘मॅडम, नोंदणीकृत नर्स तालुक्याला यायला तयार नसते. आली तर पगार परवडत नाही. तुम्ही म्हणता तसं केलं तर आम्हाला कुलूप लावावं लागेल, मग गावातले पेशंट कुठे जातील?’ यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण पगाराचं बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलात नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. तेवढे आज किती ठिकाणी मिळतात? नर्स ‘मिळत नाही’ यामागे पगाराचा मोठा वाटा आहे.

आणि मदतनीस नकोच, असं माझं म्हणणं नाहीच. पेशंटला उठवणं, बसवणं, पुसून घेणं, जेवण भरवणं ही कामं मोलाची आहेत आणि ती करणारी माणसं हवीतच. त्यांना त्यांच्या नावाने ओळखा, त्यांचं काम लिहून द्या आणि शिरेतलं इंजेक्शन त्यांच्या हातात देऊ नका. एवढंच.

म्हणून राज्य सरकारकडे आणि नव्या आयोगाकडे माझ्या मागण्या अशा:

१. नियम करताना नर्सिंगच्या कामाची व्याख्या लिहा. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. यांनी काय स्वतः करायचं, काय फक्त लेखी ऑर्डरवर, काय अजिबात नाही. शंभर कामांची यादी नको, ती पाच वर्षांत जुनी होईल. तत्त्व लिहा.

२. फोनवरच्या ऑर्डरवर डॉक्टरची सही किती तासांत व्हायला हवी ते ठरवा. ठरल्या वेळेत सही झाली नाही तर जबाबदारी नर्सची नाही, हेही लिहा.

३. सरकारी योजनेत जी मुभा आहे ती प्रशिक्षण घेतलेल्या नर्सच्या लायसन्सला जोडा.

४. अपात्र व्यक्तीकडून नर्सचं काम करून घेणाऱ्या मालकाला स्वतंत्र शिक्षा ठेवा.

५. प्रत्येक हॉस्पिटलात डॉक्टरांच्या नावाच्या पाटीशेजारी त्या पाळीच्या नर्सेसची नावं आणि नोंदणी क्रमांक लागले पाहिजेत.

आणि तुमच्याकडे एक मागणी. घरात म्हाताऱ्या माणसासाठी ब्यूरोकडून ‘नर्स’ ठेवताना, किंवा हॉस्पिटलात अॅडमिट होताना विचारा, ‘सिस्टर, तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ आवाज न चढवता, सरळ विचारा. खऱ्या नर्सला याचा राग येत नाही. उलट बरं वाटतं, की कुणीतरी तिच्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणाची दखल घेतली. आणि जिच्याकडे क्रमांक नाही तिच्यावर ओरडू नका. तिला तिथे उभं कुणी केलं, ते विचारा.

आपल्या आमदारांपर्यंत हे पोहोचवायचं आहे. पटलं तर शेअर करा. तुमच्या गावातला अनुभव कॉमेंटमध्ये लिहा, फक्त हॉस्पिटलचं आणि मुलींचं नाव टाकू नका. त्या पोरींची नोकरी जायला नको.