टक्के किती पडले?

गेल्या महिन्यात दाजीबानपेठेतल्या आमच्या घरी पेढे वाटले. तुळजाभवानीच्या देवळातून परत येताना जो भेटला त्याने एकच विचारलं, "नातवाला टक्के किती पडले?" मला काही उत्तर देता येईना. त्या परीक्षेत पास झालेल्याला मार्क सांगतच नाहीत. एक नंबर देतात, तो जन्मभर त्याचा.

परीक्षेचं नाव सीसीआयई. सिस्को कंपनीची, १९९३ पासून चालू. पहिला नंबर १०२४, तो माणसाला नाही, लॅबलाच दिला होता म्हणे! आधी दोन तासांचा लेखी पेपर, मग आठ तासांची लॅब. तीन तास आराखड्याचे, पाच तास प्रत्यक्ष कामाचे. पहिला भाग संपला की मागे फिरता येत नाही. नेटवर्क उभं करायचं, चालवून दाखवायचं, बिघाड असेल तो शोधून काढायचा. एका वेळची फी लाखाच्या पुढे.

नातू राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूरला दोनदा गेला, दोनदा नापास होऊन आला. दुसऱ्या वेळी जेवणाच्या ताटावर मी बोललो, "आमच्या वेळी असे पैसे कोणी उधळले नसते." तो अर्ध्यावरून उठला. हे बोलणं माझं चुकलं, म्हणून आज लिहितोय.

एका रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो. हा लॅपटॉपमध्येच वीसेक राऊटर उभे करून बसलेला. "आजोबा, इथून तिथपर्यंत निरोप पोचत नाही. चार तास झाले." मी शेजारी बसलो. म्हटलं, "कुठपर्यंत पोचतो ते आधी बघ." तो म्हणाला, "तेच करतोय. मधोमध तोडून अर्धं-अर्धं तपासतोय."

मला एकदम सत्तरच्या दशकातलं बँकेतलं बॅलन्सिंग आठवलं. खतावणी जुळेपर्यंत घरी जायचं नाही. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे उलटे पडलेत का बघा, ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली तर नावेची नोंद जमेला गेलीय का बघा. हे मला बी.कॉम.च्या पुस्तकाने शिकवलं नाही. सीएआयआयबी तर मी गाईड पाठ करून पास झालो, इन्क्रिमेंटही घेतलं. पण काम शिकलो ते त्या रात्रींत.

आता मुद्द्याचं. या परीक्षांच्या जुन्या प्रश्नांचे तयार संच विकत मिळतात, डम्प म्हणतात. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर नातवालाही एका क्लासवाल्याने ते देऊ केले. त्याने घेतले नाहीत. माझ्या टोमण्यानंतर घेतले असते, तर दोष कोणाचा होता?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कोअर बँकिंग आलं. एकदा महिन्याच्या एक तारखेलाच लाईन गेली. पेन्शनवाले रांगेत. दुरुस्तीला आलेल्या मुलाकडे सर्टिफिकेट होतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. संध्याकाळपर्यंत काउंटर बंद. त्या दिवशी मी म्हातारी माणसं रिकाम्या हाताने परत जाताना पाहिली आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपली घरं टक्क्यांवर भाळतात आणि हाताने शिकायला लागणाऱ्या वेळेला नापासाचा शिक्का मारतात. दोनदा नापास झालेला माझा नातू त्या काळात वाया गेलेला नव्हता, खतावणी जुळवत बसला होता. आणि पास झाला म्हणून संपलंही नाही, दर तीन वर्षांनी सर्टिफिकेट टिकवून दाखवावं लागतं. आपल्या किती डिग्र्यांना ही अट आहे?

तिसऱ्या वेळची फी मी माझी एफडी मोडून दिली. तो नको म्हणत होता. म्हटलं, "घे रे, त्या जेवणाची भरपाई समज."

तुमच्याही घरी रात्री उशिरापर्यंत कुणाच्या खोलीत दिवा असेल, तर काही बोलण्याआधी एकदा शेजारी जाऊन बसा. टक्के विचारू नका. काय अडलं होतं आणि कसं सोडवलंस, एवढंच विचारा.