विश्लेषण : सोलर सेलमधल्या कार्बनच्या 'फुटबॉल'ला पाणी चिकटतं का?

पेरोव्हस्काइट सोलर सेलच्या विक्रमी कार्यक्षमतेच्या बातम्या तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येत असतील. त्यात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते : या सेलचा मोठा शत्रू दमट हवा आहे.

यातल्या अनेक सेलमध्ये इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवायला फुलरीनचा, म्हणजे सी-60चा, अतिशय पातळ थर असतो. सी-60 म्हणजे कार्बनच्या 60 अणूंचा पोकळ गोळा. 12 पंचकोन, 20 षटकोन, अगदी फुटबॉलसारखा. 1985मध्ये तो सापडला आणि 1996मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सोलर पॅनलची दमटपणाची चाचणी कडक असते : 85 अंश सेल्सिअस, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास. पण त्यातून पॅनल टिकलं की नाही एवढंच समजतं. पाण्याने आत नेमकं काय केलं, हे शोधायला क्ष-किरण लागतात.

क्ष-किरणांनी काय कळतं?

क्ष-किरण पडले की अणूच्या आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. त्यांच्या ऊर्जेवरून अणू ओळखता येतो. कार्बनची खूण 285 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, ऑक्सिजनची 530च्या पुढे. अणूचा शेजारी बदलला की हा आकडा किंचित सरकतो, आणि खरी माहिती त्या सरकण्यात असते. पाणी नुसतं येऊन बसलं असेल तर कार्बनची खूण जवळपास तशीच राहते. ऑक्सिजन कार्बनशी जोडला गेला असेल तर तिच्या शेजारी नवा उंचवटा दिसतो.

शुद्ध सी-60ला पाण्याची फारशी ओढ नाही. पाण्याचे रेणू त्याच्यावर पसरण्यापेक्षा एकमेकांनाच धरून राहतात. पण प्रकाश आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण झालं, की त्या जागी पाणी सहज टिकतं. म्हणजे पाण्याआधी प्रकाश आणि हवेचा बंदोबस्त करायला हवा.

मोजणं अवघड का?

हे उपकरण सहसा निर्वातात चालतं आणि तिथे पाणी पृष्ठभागावर थांबतच नाही. म्हणून नमुना उणे 120 अंशांच्याही खाली थंड करतात, किंवा थोडी वाफ चालणारं खास उपकरण वापरतात. त्यासाठी लागणारे तीव्र किरण सिंक्रोट्रॉनमध्ये मिळतात. भारतात इंदूरचा 'इंडस-2' हा असा स्रोत आहे. मात्र ही तीव्रताच कधी घात करते. किरणांनीच पाण्याचे रेणू तुटतात आणि दोष फुलरीनवर येतो! त्यामुळे नमुन्यावरची जागा बदलून, किरणांचा मारा कमी करून तेच मोजमाप पुन्हा करावं लागतं.