पूर्वपक्षाशिवाय निबंध

'मोबाईल : शाप की वरदान?' या विषयावर दहावीचा विद्यार्थी काय लिहिणार, हे वही उघडण्याआधीच शिक्षकांना ठाऊक असते. अर्धे पान शाप, अर्धे पान वरदान आणि शेवटी 'वापर विवेकाने करावा'. याला आपण वैचारिक निबंध म्हणतो. वस्तुतः हा विचार टाळण्याचा सराव आहे.

बारामती-इंदापूरच्या मुलांना वाद परका नाही. नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. वरच्या अंगाला ऊस भिजत असतो, तेव्हा शेवटच्या टोकाचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो. मग 'कालव्याचे पाणी उसाला द्यावे का?' हाच विषय का देऊ नये? ज्याच्या घरी ऊस आहे, त्याने विरोधाची बाजू लिहावी. मात्र आधी वडिलांचा सर्वांत बळकट मुद्दा मांडावा : उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, कांद्याला तो नाही. या मुद्द्याला उत्तर दिल्याखेरीज निबंध पुरा होऊ नये. आपल्या परंपरेत यालाच पूर्वपक्ष म्हणतात.

'परीक्षेत गुण जातील', हा शिक्षकांचा आक्षेप खोटा नाही. पण मग दोष विद्यार्थ्याचा नाही, तपासणीचा आहे.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे असे सांगण्यासाठी नव्हे. त्यांचे नाव वर्गात आदराने घ्यायचे आणि त्याच तासाला मुलांना बाजू न घेण्याचे वळण लावायचे, ही विसंगती आपण किती काळ शिकवणार?