विश्लेषण : तोतरेपणावरील उपचारासाठी तरुणांना आर्थिक मदत का मिळत नाही?

‘स्वतःची ओळख करून द्या.’ मुलाखतीतला हा सगळ्यात सोपा प्रश्न. पण तोतरेपणा असलेल्या उमेदवाराची खरी परीक्षा इथेच सुरू होते. एखादा शब्द अडला तर त्याच्या जागी दुसरा शब्द वापरता येतो. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही. नागपुरात दरवर्षी हजारो तरुण पदवी घेऊन मिहानमधील कंपन्यांपासून बँकांपर्यंत अर्ज करतात. त्यांच्यातले काही जण लेखी परीक्षेत पुढे असतात आणि मुलाखतीत मागे पडतात. उपचार घ्यावेत तर पैसे नाहीत, पैसे हवेत तर नोकरी नाही. या कोंडीत सरकारी योजना कितपत कामी येतात?

तोतरेपणा म्हणजे नेमके काय?

शब्दाचा पहिला आवाज पुन्हा पुन्हा येणे, लांबणे किंवा तोंडातून आवाजच न फुटणे, याला तोतरेपणा म्हणतात. साधारण ५ टक्के मुलांमध्ये तो कधी ना कधी दिसतो. बहुतेकांचा आपोआप जातो आणि प्रौढांमध्ये सुमारे १ टक्का लोकांत राहतो. पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच जास्त आहे. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. भित्रेपणा हे त्याचे कारण नाही. त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूतील वाचायंत्रणेचा वाटा असतो.

उपचार काय आणि खर्च किती?

मुख्य उपचार म्हणजे स्पीच थेरपी. त्यासाठी आठवड्यातून एक-दोन सत्रे, अशी काही महिने घ्यावी लागतात. सोबत घरी रोजचा सराव लागतो. उदाहरणादाखल एका सत्राचे ५०० रुपये धरले, तर २४ सत्रांचे १२ हजार रुपये होतात. नोकरदाराला ही रक्कम जड नाही, पण घरून पैसे मागवून खोलीभाडे भरणाऱ्या तरुणासाठी ती मोठी आहे.

आरोग्य योजनांतून पैसे मिळतात का?

थेट उत्तर : नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. मुख्यमंत्री सहायता निधीतून कॉक्लिअर इम्प्लांटसारख्या खर्चिक शस्त्रक्रियांना मदत होते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिन्हीकडे हिशेब दाखल रुग्णाचा किंवा शस्त्रक्रियेचा आहे. स्पीच थेरपीला खाट लागत नाही, म्हणून ती या हिशेबात बसत नाही. खासगी आरोग्य विम्यातही बहुधा हीच अडचण येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, पण ती १८ वर्षांपर्यंतच.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ आहे. मात्र कायद्यातील व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या दिव्यांगत्वाची आहे. तिथे स्वरयंत्र काढलेले रुग्ण आणि अफेझिया यांची उदाहरणे आहेत. तोतरेपणाचे नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. महापालिकेचा दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला ५ टक्के निधीही प्रमाणपत्राशिवाय हाती लागत नाही. प्रमाणपत्र मिळाले तरी सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या गटांत केवळ वाचादोषाचा स्वतंत्र उल्लेख नाही.

मग नागपुरात काय करता येईल?

पैसे मिळत नसतील, तर खर्च कमी करणे हा पहिला मार्ग. मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढून वाचा उपचारतज्ज्ञांची वेळ मागता येते. तिथे शुल्क नाममात्र असते. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीतील संयुक्त क्षेत्रीय केंद्र (सीआरसी) नागपुरात आहे. तिथेही चौकशी करावी. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक आवर्जून विचारावा. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्व-मदत गटही उपयोगी पडतात. तिथे समोर बसलेला प्रत्येक जण अडखळणारा असतो, त्यामुळे बोलण्याचा सराव निर्धास्तपणे होतो.

दुसरा मार्ग विद्यावेतनाचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. ही उपचाराची मदत नाही, पण अशा प्रशिक्षणातून थेरपीचा खर्च निघू शकतो आणि कामाचा अनुभवही मिळतो.

आणि एक सावधगिरी. ‘१५ दिवसांत तोतरेपणा बरा’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. औषध नियम, १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात तोतरेपणाचे नाव आहे. म्हणजे तो बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही.

मुलाखतीत सवलत मागता येते का?

मागता येते. ४० टक्के दिव्यांगत्व नसले तरी दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्या आधारे उत्तरासाठी जास्त वेळ देण्याची विनंती आधीच ईमेलने करावी. सोबत थेरपिस्टचे पत्र जोडावे. मुलाखतीच्या सुरुवातीला ‘मी अडखळतो, थोडा वेळ लागेल’ असे सांगितले, तर लपवण्याचा ताण कमी होतो. केंद्र सरकारने २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. हा पर्यायही डोळ्यांसमोर ठेवावा.

बदल कुठे हवा?

शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये देणारी व्यवस्था काही हजारांच्या थेरपीसाठी रुपयाही देत नाही. आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण स्पीच थेरपीचे छोटे पॅकेज आणले, तर तिजोरीवर फार भार पडणार नाही. कौशल्य विकासाच्या प्रशिक्षण केंद्रांतही आठवड्यातून एक दिवस वाचा उपचारतज्ज्ञ बसवता येईल. कंपन्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा : कोडिंग किंवा हिशेबाच्या कामासाठी उमेदवार किती भराभर बोलतो, हे मोजण्याची खरेच गरज आहे का? तोतरेपणा असलेल्या तरुणाला नोकरीत दया नको आहे. वाक्य पूर्ण करण्याएवढा वेळ आणि थेरपीची फी भरण्याएवढा आधार, एवढीच त्याची मागणी आहे.