‘स्वतःहून रिझाइन करा’ म्हटलं की नक्की काय जातं?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हापासून आयटीतल्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न सारखा येतो: एचआरने खोलीत बोलावून ‘आत्ता रिझाइन कर, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ म्हटलं तर काय करायचं? मधल्या काळात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत गेले. त्यामुळे आता बघायचं ते औद्योगिक संबंध संहितेत.

कंपनीने तुम्हाला कमी केलं तर कायद्याच्या भाषेत ती ‘छाटणी’. सलग एक वर्ष काम झालं असेल तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, वर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. हिशोबाचं वेतन ६० हजार आणि नोकरी ६ वर्षं धरली तर भरपाई साधारण १ लाख ८० हजार होते, नोटिशीचे पैसे वेगळे. नवीन संहितेत आणखी एक गोष्ट आलीय जी फारशी कुणाला माहीत नाही: पुनर्कौशल्य निधी. कंपनीने आणखी १५ दिवसांचं वेतन त्यात भरायचं आणि ते ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायचं.

आता राजीनाम्यावर सही केली की काय होतं बघा. कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात. मग छाटणी झालीच नाही, म्हणून भरपाई नाही आणि निधीही नाही. ‘स्वच्छ रेकॉर्ड’ची ही किंमत आहे, आणि ती खोलीत कुणी सांगत नाही.

‘पण आपण कुठे कामगार, आपण तर इंजिनिअर!’ हा गैरसमज कंपन्यांना फार सोयीचा आहे. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत ‘तांत्रिक’ काम स्पष्ट लिहिलंय आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. १८ हजारांची मर्यादा आहे ती सुपरवायझरला. व्यवस्थापकीय काम करणारे मात्र बाहेर. मग टीम लीडचं काय? इथे खरा वाद होतो. हुद्द्याचं नाव काय यापेक्षा मुख्य काम काय हे पाहायचं, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच अर्कल गोविंदराज राव विरुद्ध सीबा गायगी या खटल्यात सांगितलंय. दिवसभर कोड लिहिता, रिव्ह्यू करता आणि तीन ज्युनिअरना टिकिटं वाटून देता, तर तुमची बाजू बरीच भक्कम. रजा मंजूर करणं, अप्रेझल, माणसं घेणं-काढणं हेच मुख्य काम असेल तर अवघड.

म्हणून त्या मीटिंगमध्ये सही करू नका. ‘मला हे लेखी पाठवा’ एवढंच म्हणा. दबावाखाली सही झालीच, तर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, ती दबावाखाली घेतली असा मेल टाका. महिन्याने केलेल्या तक्रारीला तेवढं वजन राहत नाही. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं आधीच स्वतःकडे ठेवा, कारण लॅपटॉपचा अॅक्सेस आधी जातो. क्लायंटचा डेटा किंवा कोड मात्र पर्सनल मेलवर पाठवू नका, कंपनीला आयतं कारण मिळेल. काढून टाकल्याचा वाद आधी समेट अधिकाऱ्यापुढे न्यायचा. ४५ दिवसांत मिटला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून २ वर्षांच्या आत. पूर्वी ही मुदत ३ वर्षं होती.

आणि मॅनेजर मंडळींसाठीही एक गोष्ट आहे. वेतन संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकही येतात. राजीनामा असो की छाटणी, थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचंय. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ हे उत्तर आलं, तर कुठल्या नियमाने ते मेलवर विचारा. ग्रॅच्युइटीला वेगळी, ३० दिवसांची मुदत आहे.