संत्रें खावें कीं प्यावें?

माघ-फाल्गुनांत मृग बहराचीं संत्रीं नागपुरांत येऊं लागलीं, कीं आमच्या एका वडील आप्तांच्या घरीं दरवर्षीं एकच देखावा दिसतो. टोपली मध्यें ठेवून नातवंडें सालें काढीत बसतात, आणि आजोबा मात्र नुसता वास घेत दूर बसलेले. त्यांना मधुमेह आहे. सबब फळ वर्ज्य! बरें, याच आजोबांना जरा ताप आला, कीं शक्ति यावी म्हणून त्याच टोपलींतील तीन-चार संत्र्यांचा रस, वर चमचाभर साखर घालून, त्यांना आग्रहानें पाजण्यांत येतो. ही माया खरी; पण ती उलट्या बाजूनें चालली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मध्यम आकाराच्या एका संत्र्यांत सुमारें ९ ते १० ग्रॅम साखर असते. २०० मिलिलिटरच्या पेलाभर रसांत तिच्या जवळजवळ दुप्पट. पण प्रश्न केवळ मापाचा नाहीं. फोड खातांना तिचा पापुद्रा व पांढरे धागेही पोटांत जातात. त्यांतील पेक्टिन पाण्यांत भिजून दाट होतें आणि साखर रक्तांत सावकाश उतरते. रस गाळतांना नेमका हाच भाग आपण चोथा म्हणून टाकून देतों.

इंग्लंडांत ब्रिस्टल येथें १९७७ सालीं हेबर, हीटन आदि संशोधकांनीं निरोगी माणसांना सफरचंद तीन रीतींनीं दिलें. अखंड फळ खावयास १७ मिनिटें लागलीं, वाटलेलें संपावयास ६, आणि रस दीड मिनिटांत संपला! रसानंतर इन्सुलिन अधिक उसळलें व मागून साखर खालीं घसरली. अखंड फळानंतर तसें झालें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, सर्व फळें सारखीं नव्हेत. केळें जसजसें पिकतें तसतशी त्यांतील पिष्टाची साखर होते. कलिंगडाची साखर चटकन चढते खरी, पण त्यांत पाणीच फार. एका फोडीनें आकाश कोसळत नाहीं. जांभूळ चांगलें; परंतु त्याच्या भरंवशावर गोळी सोडणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, त्यांना हात जोडावे. संत्राबर्फी तर नांवापुरतीच फळ!

रसाला एक मानाची जागा मात्र आहे. इन्सुलिन वा गोळी घेणाऱ्यास एकाएकी घाम सुटून हात कांपूं लागले, साखर उतरली, आणि तो शुद्धीवर असला, तर तेव्हां अर्धा पेला रसच द्यावा. फोडी सोलीत बसूं नये.

गेल्या वर्षीं डॉक्टरांची अनुमति घेऊन आजोबांना जेवणानंतर लगेच नव्हे, तर दुपारीं चार वाजतां एक संत्रें देण्यांत आलें. नातवानें आधीं व दोन तासांनीं यंत्रावर साखर मोजून वहींत लिहिली. आंकडा डॉक्टरांनीं घातलेल्या मर्यादेंत राहिला. आजोबांनीं प्रत्येक फोड इतकी सावकाश खाल्ली, कीं बियासुद्धां मोजून बशींत ठेवल्या : अकरा.