आच्छादन पाळले, प्रार्थना नाकारली

ख्रिस्ताडेल्फियन पंथाची उभारणीच पुरोहितशाहीच्या नकारावर झाली. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या डॉ. जॉन थॉमस यांनी १८६४ मध्ये, तिथल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, शस्त्र हाती धरायला नकार देणाऱ्या आपल्या सहधर्मीयांसाठी हे नाव निवडले. पुढे बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी पंथाला घडी बसवून दिली. इथे बिशप नाही, पगारी पाळक नाही, दीक्षेने अंगी येणारा अधिकार नाही. दर रविवारी सभासद जमतात, भाकर मोडतात, द्राक्षारस घेतात. एक बंधू सभा चालवतो, दुसरा शास्त्रपाठ वाचतो, तिसरा प्रार्थना करतो, चौथा बोध करतो. पुढच्या रविवारी माणसे बदलतात. मात्र बहुतेक मंडळ्यांत ही माणसे पुरुषच असतात. भगिनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घेऊन बसतात, सर्वांबरोबर गीते गातात, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. पण या सभेत उभे राहून एकटीने प्रार्थना करणे त्यांना मना आहे. ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतील काही मंडळ्यांनी ही मनाई उठवली, तेव्हा त्यांनी शास्त्र सोडले अशी ओरड झाली. मला नेमके उलटे दिसते. शास्त्राशी विसंगत काही असेल, तर ती ही मनाईच.

मनाईच्या बाजूचा आधार क्षुल्लक नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे पौल सांगतो, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने शिकवण्याला व पुरुषावर अधिकार चालवण्याला तो परवानगी देत नाही. बायबलचा शब्द न् शब्द ईश्वरप्रेरित मानणाऱ्या पंथाने ही वचने बाजूला सारावीत असे मी म्हणणार नाही. पण मग त्याच पत्राचा अकरावा अध्यायही तितकाच ईश्वरप्रेरित आहे. स्त्रीने मस्तक आच्छादावे हा नियम तिथला; आणि तो कोणत्या स्त्रीला लागू आहे? जी प्रार्थना करते किंवा संदेश देते तिला. पौलाला खटकते ते उघडे मस्तक, तिचे बोलणे नव्हे. ज्या वचनाच्या आधारे भगिनींच्या डोक्यावर टोपी आली, त्याच वचनातली प्रार्थना त्यांच्या ओठांवरून काढून घेतली गेली आहे. चौदाव्या अध्यायात गप्प राहण्याची आज्ञाही केवळ स्त्रियांना नाही. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावे, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्याने गप्प बसावे, असे तिथे आधी येते. त्या दोघांचे तोंड कायमचे बंद झाले असे कोणी मानत नाही. गोंधळ माजलेल्या सभेला शिस्त लावणारा तो अध्याय आहे, आणि स्त्रियांबाबतच्या आज्ञेला जोडून प्रश्न विचारण्याचा व ते घरी विचारण्याचा उल्लेख येतो, हेही ध्यानात घ्यायला हवे.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की अकराव्या अध्यायातली प्रार्थना खाजगी असावी, कारण सभेचा विषय त्याच अध्यायात पुढे सुरू होतो. प्रार्थनेपुरते हे क्षणभर मानू. पण संदेश देण्याचे काय? संदेश देणारा मंडळीची उन्नती करतो, ही व्याख्या खुद्द पौलाचीच. ऐकणारी मंडळीच समोर नसेल तर ती उन्नती कोणाची? दुसरे उत्तर अधिक खास ख्रिस्ताडेल्फियन आहे: संदेश देणे हे पवित्र आत्म्याचे दान होते, ती दाने प्रेषितांच्या काळानंतर संपली, म्हणून आजच्या भगिनींना तो दाखला लागू नाही. दाने संपली हे खरे धरले, तर ती बंधूंचीही संपली. आज बोध करणारा बंधू अभ्यास करून, टिपणे काढून बोलतो. तेवढे भगिनीही करू शकते. ज्या काळी आत्मा स्वतः वक्ता निवडत होता, त्या काळी त्याने संदेश देणाऱ्या फिलिप्पाच्या चार मुलींना वगळले नाही. निवड माणसांच्या हाती आल्यावर मात्र स्त्रिया वगळल्या गेल्या, ही गोष्ट देवभीरू माणसाला अस्वस्थ करायला हवी.

तीमथ्याच्या पत्रातले वचन सर्वांत कठीण, कारण तिथे आदाम आधी घडवला गेला हे कारण दिले आहे. निर्मितीचा क्रम काळाने बदलत नाही, असा युक्तिवाद त्यातून निघतो. पण तोच क्रम पौलाने अकराव्या अध्यायातही पुढे केला आहे, आणि तिथे निष्कर्ष मौनाचा नसून आच्छादनाचा आहे. शिवाय लगेच तो बजावतो की पुरुषही स्त्रीपासून जन्मतो आणि सर्व काही देवापासून आहे. म्हणजे निर्मितीचा क्रम मान्य करूनही स्त्री सभेत बोलू शकते, हे पौलाच्याच लेखणीतून सिद्ध होते. हे पत्र पोचले तेव्हा तीमथ्य इफिसात खोट्या शिकवणीशी झुंजत होता. त्याच इफिसात प्रिस्किल्लेने पती अक्विलाबरोबर अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला होता, आणि रोमकरांच्या पत्रात पौल तिला आपली सहकारी म्हणतो. तो स्वतः ज्या कामाचा गौरव करतो, त्यावर सर्वकाळची बंदी घालतो असे मानणे पौलावरच अन्याय आहे. राहिला अधिकाराचा मुद्दा. ज्या पंथात सभा चालवणारा फक्त क्रम राखतो आणि बोध करणाऱ्याचे म्हणणे प्रत्येकाने बायबल उघडून पडताळायचे असते, तिथे प्रार्थना करणारी भगिनी कोणावर अधिकार गाजवते? तो अधिकार आहे असे म्हणाल, तर आपण पुरोहित नाकारले हा दावा सोडावा लागेल.

रॉबर्ट्स यांनी आखून दिलेल्या रोजच्या वाचनक्रमात जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार दोनदा पुरा होतो. त्या क्रमात दबोरेचे गीत येते, हन्नेची प्रार्थना येते, लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली वचने येतात, मरीयेचे स्तोत्र वर्षातून दोनदा येते. यांतला एखादा पाठ रविवारी आला, तर मंडळीतले सर्व पुरुष एका स्त्रीकडून शिकतात. ते तिचे शब्द वाचण्याची मुभा तेवढी भगिनीला नसते. योशीया राजाच्या काळात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा याजक हिल्कीया देवाचे म्हणणे विचारायला संदेष्ट्री हुल्देकडेच गेला होता. त्या काळात पुरुष संदेष्टे नव्हते म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही; यिर्मया तेव्हा हयात होता आणि संदेश देत होता.

शेवटचा आक्षेप शांततेचा. पंथाने फाटाफुटी पुष्कळ सोसल्या आहेत. १८८५ च्या सुमारास बायबलच्या प्रेरणेवरून पडलेली मोठी फूट सांधायला १९५७ उजाडले. नवी फूट कोणाला हवी? भीती खरी आहे, पण शांततेची सगळी किंमत भगिनींनीच का मोजावी? पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आणि शेजारच्या मंडळीने भगिनीला प्रार्थना करू दिली म्हणून आपल्या श्रद्धेचा एकही मुद्दा बदलत नाही. पंथाच्या बर्मिंगहॅम श्रद्धानिवेदनात देवाचे एकत्व आहे, पुनरुत्थान आहे, येणारे राज्य आहे, भगिनींचे मौन नाही. तेव्हा ज्या मंडळीला हे पटते तिने रविवारच्या यादीत पाठ आणि प्रार्थनेसाठी भगिनींची नावे घालायला आजच सुरुवात करावी, आणि जिला पटत नाही तिने त्यांच्याबरोबर भाकर मोडणे थांबवू नये.